सुरतच्या महापौरांना खुले पत्र : गिरणीच्या गावातला मुष्टियोद्धा

प्रति,
मा. महापौर,
सुरत महानगरपालिका, सुरत.

विषय : मुष्टियोद्धे व प्रशिक्षक कै. कॅप्टन हवा सिंग यांचे स्मरण आणि उधना-लिंबायत भागातील मुलांसाठी मुष्टियुद्ध प्रशिक्षण.



कॅप्टन हवा सिंग हे आशियाई क्रीडास्पर्धेत मुष्टियुद्धाची दोन सुवर्णपदके मिळवणारे आजवरचे एकमेव भारतीय. दोन्ही पदके हेवीवेट गटातली आणि दोन्ही बँकॉकमध्ये, 1966 आणि 1970 साली मिळालेली. त्यांचा जन्म 1937 चा, उमरवास या खेड्यातला. हे गाव तेव्हा पंजाबात होते, नंतर हरियाणाच्या भिवानी जिल्ह्यात आले. 14 ऑगस्ट 2000 रोजी भिवानीतच त्यांचे अचानक निधन झाले. मधल्या बासष्ट वर्षांचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात ते स्वतः रिंगमध्ये होते, दुसऱ्या भागात रिंगच्या कोपऱ्याशी. पहिल्याची नोंद पदकांच्या यादीत सापडते. दुसऱ्याची नोंद शोधायला भिवानीला जावे लागते, आणि हे पत्र मुख्यतः त्या दुसऱ्या भागाबद्दल आहे.

हवा सिंग 1956 मध्ये सैन्यात दाखल झाले. त्या काळी भारतात मुष्टियुद्ध शिकायचे तर सैन्य, रेल्वे, पोलीस किंवा मुंबई-कलकत्त्यातले मोजके क्लब एवढेच मार्ग होते. या खेळाची संघटित सुरुवात मुंबईतली. बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन 1925 साली स्थापन झाले, राष्ट्रीय महासंघ 1949 मध्ये उभा राहिला आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1950 मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. क्रिकेटसाठी बांधलेल्या मैदानावर ठोसेबाजीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हावी, यात तेव्हा कोणाला काही वावगे वाटले नसावे. खेड्यातल्या मुलाला मात्र मुंबईचा क्लब काय आणि लंडनचा काय, दोन्ही सारखेच दूर. त्याच्यासाठी दार उघडे होते ते पलटणीचे. सातारा-सांगलीकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर याच दाराने मुष्टियुद्धात आले. 1965 च्या युद्धात ते जबर जखमी झाले आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्ण जिंकून परतले. पलटणीने त्यांना आधी बॉक्सर केले होते, ही गोष्ट पोहण्याच्या कौतुकात मागे पडते.

हवा सिंग 1960 मध्ये वेस्टर्न कमांडचे विजेते झाले. पुढे 1961 ते 1972 या काळात त्यांनी हेवीवेटचे राष्ट्रीय अजिंक्यपद सलग 11 वेळा राखले. हेवीवेटमध्ये हे विशेष कठीण, कारण या गटात एकच ठोसा लढत संपवू शकतो. हलक्या वजनाचा बॉक्सर पहिल्या फेरीतली चूक तिसऱ्या फेरीत भरून काढू शकतो, भारी वजनाच्या बॉक्सरला ती सवलत नसते. शिवाय त्या काळी डोक्याला संरक्षक टोप नव्हता. तो ऑलिंपिकमध्ये आला 1984 साली आणि पुरुषांच्या लढतींतून 2016 च्या रिओपर्यंत पुन्हा निघूनही गेला.

1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेला ते जाऊ शकले नाहीत. कारण म्हणून सर्वत्र चीन युद्धाचे नाव घेतले जाते. तारखा पाहिल्या तर हे विधान थोडे सैल आहे. जकार्ताची स्पर्धा 4 सप्टेंबरला संपली आणि चीनचा मोठा हल्ला झाला 20 ऑक्टोबरला. सीमेवर उन्हाळ्यापासून तणाव होता आणि सैनिक-खेळाडू आधी सैनिक असतो, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. चार वर्षांनी बँकॉकमध्ये त्यांनी अंतिम फेरीत पाकिस्तानच्या अब्दुल रहमानला हरवले. 1970 मध्ये, पुन्हा बँकॉकलाच, इराणच्या ओमरान खातामीला. पहिल्या पदकाचा महिना होता डिसेंबर 1966. हरियाणा राज्य त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला जन्मले होते, म्हणजे नव्या राज्याला दीड महिन्यातच आपला आशियाई विजेता मिळाला. योगायोग असा की सुरत नगरपालिकेची महानगरपालिका झाली तीही 1966 सालीच. अर्जुन पुरस्कारही त्यांना त्याच वर्षाचा मिळाला.

ऑलिंपिकच्या रिंगमध्ये हवा सिंग कधी उतरले नाहीत. हा दोष त्यांच्या ठोशाचा नव्हे. 1952 च्या हेलसिंकीनंतर (तीच हेलसिंकी, जिथे खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्य आणले) भारतीय मुष्टियोद्धे पुन्हा ऑलिंपिकला गेले ते थेट 1972 मध्ये, म्युनिकला. मधली वीस वर्षे रिकामी आहेत आणि हवा सिंग यांचा ऐन भर नेमका त्या पोकळीत सापडला. खाशाबांना निदान गावकऱ्यांनी वर्गणी काढून पाठवले. ज्या खेळात देशाने पथकच पाठवले नाही, तिथे वर्गणी तरी कशासाठी काढायची?

सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते भिवानीत स्थिरावले आणि आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला. भिवानीला ‘छोटी काशी’ म्हणतात, कारण तिथली देवळे. पण हे गाव कापडाचेही आहे. भिवानी टेक्स्टाइल मिल तिथलीच आणि घनश्यामदास बिर्लांनी 1943 मध्ये सुरू केलेली वस्त्रोद्योगाची तंत्रशिक्षण संस्थाही तिथलीच. भोवती कोरडी जमीन, गावात गिरणीचा भोंगा आणि घरोघर सैन्यभरतीची वाट पाहणारी पोरे, अशी ही वस्ती. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे मुष्टियुद्ध केंद्र भिवानीत उभे राहण्यात हवा सिंग यांचा मोठा वाटा होता. 1990 च्या दशकात त्यांनी तिथून आणि राष्ट्रीय संघाबरोबर राहून मुले घडवली. राजकुमार सांगवान हे त्यांच्या शिष्यांतले ठळक नाव.

प्रशिक्षक नेमके काय करतो, हे बाहेरच्याला दिसत नाही. मुलगा पहिल्या दिवशी येतो तो ठोसा मारायला. चांगला प्रशिक्षक त्याला महिना-दोन महिने ठोसा मारूच देत नाही. आधी उभे राहायला शिकवतो. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी छातीकडे, मुठी गालाच्या उंचीवर. मग पुढे-मागे सरकणे, पाय एकमेकांत अडकू न देता. दोरीवरच्या उड्या. हाताला पट्टी बांधणे, जी नीट बांधली नाही तर मनगट आधी जाते आणि हौस नंतर. मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तोही हजारो वेळा. हुक आणि अपरकटची पाळी फार उशिरा येते. तालमीत वस्तादाने पोराकडून सहा महिने नुसत्या जोर-बैठका काढून घ्याव्यात, तशीच ही रीत. फरक इतकाच की कुस्तीत पोराला माती कळते आणि इथे अंतर कळावे लागते. समोरच्याचा ठोसा जिथे संपतो, त्याच्या बोटभर मागे उभे राहण्याची अक्कल म्हणजे मुष्टियुद्ध.

लढतीच्या दिवशी प्रशिक्षकाला बोलायला मिळतात दोन फेऱ्यांमधली साठ सेकंदे. त्यात पाणी द्यायचे, श्वास लावायचा, रक्त थांबवायचे आणि एक वाक्य सांगायचे. दोन वाक्ये सांगणारा प्रशिक्षक कच्चा, कारण दमलेल्या डोक्यात दुसरे वाक्य शिरत नाही. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे लढत थांबवणे. पोरगा मागे हटायला तयार नसतो, घरचे प्रेक्षकांत बसलेले असतात, आणि हा माणूस टॉवेल उचलतो. डोक्यावर ठोसा बसून नॉकआउट झालेल्या मुलाला निदान तीस दिवस रिंगपासून दूर ठेवावे असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही हे मोठ्या स्पर्धेत डॉक्टर पाहतात, गल्लीतल्या केंद्रात फक्त प्रशिक्षकाची नियत पाहते. म्हणून मुष्टियुद्धात प्रशिक्षकाची निवड ही मुलाच्या सुरक्षिततेची पहिली अट आहे, साधने दुसरी.

भिवानीचे नाव देशाला कळले 2008 मध्ये, हवा सिंग गेल्यानंतर आठ वर्षांनी. बीजिंग ऑलिंपिकला गेलेल्या पाच भारतीय मुष्टियोद्ध्यांपैकी चौघे भिवानीचे होते : अखिल कुमार, जितेंदर कुमार, विजेंदर सिंग आणि दिनेश कुमार. अखिलने रशियाचा विश्वविजेता सर्गेई वोदोप्यानोव्हला हरवले, अखिल आणि जितेंदर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले आणि विजेंदरने 75 किलो गटात कांस्य मिळवले. भारतीय मुष्टियुद्धाचे ते पहिले ऑलिंपिक पदक. ‘छोटा क्युबा’ हे नवे नाव वर्तमानपत्रांनी तेव्हाच भिवानीला चिकटवले. ही पोरे हवा सिंग यांनी घडवली असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. तसे सांगणे बरोबर नाही. त्यांना घडवण्याचे श्रेय प्रामुख्याने जगदीश सिंग यांचे. ते क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक, त्यांनी 2003 च्या सुमारास भिवानी बॉक्सिंग क्लब उभा केला आणि 2007 चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. हवा सिंग यांनी केले ते त्याच्या आधीचे काम. भिवानीच्या बापाला आपले पोर ठोसे खायला जाते याची लाज वाटेनाशी झाली, संध्याकाळी केंद्रावर जाणे ही शाळेत जाण्याइतकी साधी गोष्ट झाली, आणि गल्लीत कोणालाही विचारले तरी बॉक्सिंग कुठे शिकवतात ते सांगता येऊ लागले. पदकांच्या तक्त्यात याला रकाना नाही.

पुढच्या पिढीची कथा तर मुलींची आहे. सप्टेंबर 2025 मध्ये लिव्हरपूलला झालेल्या जागतिक स्पर्धेत भारताच्या चार मुलींनी पदके जिंकली. 57 किलो गटात भिवानीची जैस्मिन लंबोरिया आणि 48 किलो गटात रोहतकच्या रुडकी गावची मीनाक्षी हुड्डा विश्वविजेत्या झाल्या. 80 किलोवरील गटात नुपूर शेओरान हिला रौप्य मिळाले आणि 80 किलो गटात भिवानीच्याच पूजा राणीला कांस्य. नुपूर ही हवा सिंग यांची नात. आजोबांनी स्वतःच्या काळात मुलींना रिंगमध्ये पाहिलेही नसेल, कारण महिलांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये आले ते 2012 मध्ये.

पुरस्काराच्या बाबतीत देशाने उशीर केला, हे नोंदवले पाहिजे. द्रोणाचार्य पुरस्कार 1985 मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षी तो तिघांना मिळाला : कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत, मुष्टियुद्धाचे ओ. पी. भारद्वाज आणि ॲथलेटिक्सचे ओ. एम. नंबियार. त्या यादीत एक मराठी नाव आहे, हेही इथल्या मराठी घरांत क्वचितच ठाऊक असते. हवा सिंग यांचे नाव 1999 च्या पुरस्कारासाठी जाहीर झाले आणि तो 29 ऑगस्ट 2000 रोजी, राष्ट्रीय क्रीडादिनी, द्यायचा होता. पंधरा दिवस आधीच ते गेले. पुरस्कार त्यांच्या पत्नीने स्वीकारला.

आता सुरत. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत लाखाच्या हिशेबात मराठी माणसे राहतात. बहुतेक खानदेशातली. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही ताप्ती लाइनवरची स्टेशने त्यांच्या बोलण्यात अजून रोज येतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि कारखान्यात हिंदी असा या वस्त्यांचा भाषाव्यवहार. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या, डाइंग मिलमधली वाफ, साडीच्या घडीला टिकल्या लावणाऱ्या बायका. वडील रात्रपाळीला आणि आई घरकामात गुंतलेली, अशा घरातल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाची संध्याकाळ मोकळीच असते. मोकळ्या संध्याकाळी काय काय वाढते, हे वस्तीतल्या कोणाही आईला विचारावे.

खेळाच्या बाबतीत सुरत मागासलेले शहर नाही. टेबल टेनिसमध्ये हरमीत देसाई आणि मानव ठक्कर हे दोघे भारतीय संघाचे खेळाडू या शहराचे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2022 मध्ये 36 वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गुजरातला झाली तेव्हा टेबल टेनिस आणि बॅडमिंटन अठवा लाइन्सच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये खेळले गेले, बीच व्हॉलीबॉल आणि बीच हँडबॉलही सुरतेच्याच वाट्याला आले. मुष्टियुद्ध गांधीनगरला गेले. तापीच्या अलीकडची पोरे ते पाहू शकली नाहीत. मुळात टेबल टेनिस आणि बॅडमिंटन हे टेबल, लाकडी कोर्ट आणि शटल परवडणाऱ्या घरांचे खेळ. अठवा लाइन्सपासून लिंबायत काही किलोमीटरवर आहे, पण खेळांच्या बाबतीत ते अंतर फार मोठे.

मुष्टियुद्धाचा खर्च त्या मानाने कमी. दोरांच्या आत 6.10 मीटर लांब-रुंद असे पूर्ण मापाचे रिंग लागते ते स्पर्धेसाठी. सरावाची सुरुवात शाळेच्या हॉलमध्ये चार गाद्या, दोन बॅगा, दोऱ्या, हातपट्ट्या आणि वेगवेगळ्या मापांचे दहा-बारा ग्लोव्हज यांवर होऊ शकते. दातांचे रक्षक मात्र ज्याचे त्याला हवे, ते वाटून घेता येत नाहीत. आणि मुलगा आडदांड हवा ही समजूत चुकीची. हवा सिंग हेवीवेट होते म्हणून मुष्टियुद्ध म्हणजे हेवीवेट असे चित्र डोक्यात बसते. प्रत्यक्षात 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला मुष्टियुद्धाचे एकमेव सुवर्ण मिळाले ते 49 किलोच्या अमित पंघालमुळे. कळण्याच्या भाकरीवर आणि डाळीवर वाढलेला सडपातळ खानदेशी पोरगा 48 ते 57 किलोच्या गटांत अगदी नैसर्गिकपणे बसतो. वजनगट हीच या खेळाची लोकशाही आहे.

मराठी मुलांनी या खेळात आधी काही केलेले नाही असेही नाही. 1988 च्या सोल ऑलिंपिकला मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार भारताकडून लढले. पुण्याची देविका घोरपडे 2022 मध्ये स्पेनच्या ला नुसिया इथे 52 किलो गटात युवा विश्वविजेती झाली. पुण्यात 2001 पासून सैन्याची क्रीडा संस्था आहे आणि तिथे मुष्टियुद्धाचे केंद्र आहे. सुरतेच्या वस्तीतल्या मुलाला तिथवर पोहोचवायचे तर आधी इथे कोणीतरी त्याला उभे राहायला शिकवले पाहिजे.

धोक्याबद्दल पालक विचारतात आणि विचारलेच पाहिजे. मुहम्मद अलींची पार्किन्सनने झालेली अवस्था सगळ्यांनी पाहिली आहे. व्यावसायिक मुष्टियुद्धात दहा-बारा फेऱ्या असतात, हौशी खेळात तीन मिनिटांच्या तीन. मुलांच्या वयोगटांत फेऱ्या त्याहून लहान आणि डोक्याला टोप सक्तीचा. धोका याने कमी होतो, नाहीसा होत नाही. दर हंगामाआधी डॉक्टरांची तपासणी, नॉकआउटनंतरची सक्तीची विश्रांती आणि सरावातल्या स्पारिंगवर मर्यादा, एवढे तरी लिहून भिंतीवर लावलेले असावे. या खेळाचे आंतरराष्ट्रीय भवितव्यही मध्यंतरी डळमळले होते. जुन्या जागतिक संघटनेची मान्यता ऑलिंपिक समितीने 2023 मध्ये काढून घेतली. नव्या ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ला 2025 मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध राहणार हे ठरले. आज बारा वर्षांचे असलेले मूल ज्या ऑलिंपिककडे पाहू शकेल ते त्याच्याही पुढचे, 2032 चे किंवा 2036 चे.

सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. देशात फार थोड्या महापालिका हे करतात. या शाळांच्या इमारती संध्याकाळी बंद असतात. त्यांतल्या उधना-लिंबायत भागातल्या एका शाळेचा हॉल संध्याकाळी सहा ते आठ उघडा ठेवावा, ही या पत्रातली मागणी. तिथे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असलेला एक प्रशिक्षक नेमावा, पूर्ण पगारावर आणि निदान पाच वर्षांसाठी. वर्षाच्या कंत्राटावर नेमलेला माणूस पोराला जॅब शिकवेपर्यंत त्याची मुदत संपते. मुलींसाठी वेगळी वेळ आणि शक्य झाल्यास महिला प्रशिक्षक असावी. रात्रपाळीच्या घरांतली मुले पहाटे साडेपाचलाही येऊ शकतात, तेव्हा हॉलची एक किल्ली शाळेच्या शिपायाकडे असते तशी प्रशिक्षकाकडेही असावी.

केंद्राला हवा सिंग यांचे नाव द्यावे की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. सुरतेच्या कापड बाजारात हरियाणातून आलेली अगरवाल घराणी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करतात, त्यांच्यातल्या कोणाला तरी भिवानीचे नाव ऐकून पाकिटात हात घालावासा वाटेल, एवढा एक व्यवहारी मुद्दा नावाच्या बाजूने आहे. पाटी लावायची तर त्यावर त्यांच्या दोन सुवर्णपदकांची वर्षे असावीत, 1966 आणि 1970, आणि खाली सरावाच्या वेळा.

कळावे,
उधना-लिंबायत भागातील मराठी पालक व क्रीडाप्रेमी